उत्तराच्या आधी

‘आता डॉक्टर होण्यात राम राहिला आहे का?’ हा प्रश्न हल्ली प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, होस्टेलवर मुलं विचारतात आणि दुपारच्या चहाला स्टाफरूममध्ये प्राध्यापकही विचारतात. लक्षणं सांगितली की मोबाइल निदान सांगतो, एक्स-रे दाखवला की वाचून देतो. मग साडेपाच वर्षं कशाला घालवायची? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आलेल्या वाचकाची हे पुस्तक थोडी निराशा करील. यातल्या लेखकांना पडलेला प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते तो जास्त निकडीचा आहे. उत्तर देणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात असताना विद्यार्थ्याला डॉक्टर करायचं कसं?

भाकितांच्या नादी न लागण्याला कारण आहे. २०१६ साली जेफ्री हिंटन टोरांटोत जाहीरपणे म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता बंद करायला हवं. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. हिंटन हे वाटेल ते बोलणारे गृहस्थ नव्हेत. पुढे २०२४ साली भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. काही ठरावीक कामांत यंत्रं खरोखरच तरबेज झाली. तरीही रेडिऑलॉजिस्टांचं काम संपलं नाही आणि आपल्याकडे पीजीच्या प्रवेशात ही शाखा आजही सगळ्यात आधी भरणाऱ्या शाखांमध्ये आहे. हुशार माणसाचं भाकीतही इतकं चुकतं, तेव्हा आपण त्या फंदात न पडलेलं बरं.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याचा पहिला गोंधळ होतो तो नावामुळे. ‘वैद्यकीय शिक्षणात एआय’ या एका पाटीखाली वेगवेगळे संसार थाटलेले आहेत. कुणी यंत्राला शिकवणीला बसवतं: ते प्रश्न विचारतं, समजावून सांगतं, खोटा रोगी होऊन बोलतं. कुणी त्याला परीक्षक करतं: टाक्यांचा व्हिडिओ बघून हात किती थरथरला ते सांगणं, लेखी उत्तरं तपासणं, कोणता विद्यार्थी मागे पडणार याचा अंदाज बांधणं. आणि काही जण म्हणतात की आधी यंत्र म्हणजे काय तेच शिकवा. ते कोणत्या नोंदींवर शिकलं, कुठे फसतं, त्याचं कधी ऐकायचं नाही. तिन्ही मंडळी एकाच परिषदेत भेटतात आणि बऱ्याचदा एकमेकांशी न बोलता परततात.

खोट्या रोग्यावर हात बसवून मग खऱ्याला हात लावायचा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ हा अध्यायच त्यासाठी आहे. छेद घ्यायचा सराव कोहळ्यावर, दुधीवर, काकडीवर करावा. शिरावेधाचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. पट्टी बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. शास्त्र कितीही ऐकलं तरी सराव न केलेला माणूस कामाला नालायकच, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे. विसाव्या शतकात याच वाटेवर नवी साधनं आली. १९६० साली नॉर्वेतले खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ ही बाहुली बाजारात आणली. काही वर्षांतच लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी एका धडधाकट बाईला मज्जासंस्थेच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि तिला विद्यार्थ्यांसमोर बसवलं. सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. आज जगभरच्या परीक्षांत असे शिकवून तयार केलेले रोगी असतात. १९६८ साली मायामीत ‘हार्वे’ हा पुतळा आला. त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की झडपांच्या निरनिराळ्या आजारांतले आवाज ऐकू यायचे.

ही सगळी शरीराची नक्कल. डोक्याची नक्कल करायचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा गोष्ट जास्त रंगतदार झाली. त्यातल्या दोन प्रयोगांपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण आज चाललेले बहुतेक वाद तिथे होऊन गेले आहेत.

पहिला लीड्समधला. दुखणारं पोट घेऊन आलेला माणूस हा कुठल्याही सर्जनची झोप उडवणारा रोगी. अपेंडिक्स, छिद्र पडलेला अल्सर, पित्ताशय, की नुसताच कुरकुरणारा कोठा? एफ. टी. डी डॉम्बल यांनी शेकडो रोग्यांच्या नोंदींतून प्रत्येक लक्षण कोणत्या आजारात किती वेळा दिसतं याची कोष्टकं केली आणि संभाव्यतेचं गणित संगणकावर घातलं. १९७२ साली त्यांनी ३०४ रोग्यांचा हिशेब छापला: संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर, त्या चमूतल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचं ७९.६ टक्के. वर्तमानपत्री गोष्ट इथे संपते. खरी गोष्ट इथून पुढे आहे. प्रयोग चालू होता त्या काळात डॉक्टरांचं स्वतःचं, संगणकाला न विचारता केलेलं निदानही सुधारत गेलं आणि प्रयोग थांबल्यावर ते पुन्हा घसरलं. पुढे आठ केंद्रांत सोळा हजारांहून जास्त रोग्यांवर झालेली चाचणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली आणि अपेंडिक्स फुटेपर्यंत थांबलेल्या रोग्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

हे संगणकामुळे झालं का? थोडंफार. बरंच काम केलं ते एका कागदाने. संगणकाला माहिती द्यायची तर ठरलेला फॉर्म भरावा लागे: दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, खोकल्यावर वाढतं का, दाबून सोडल्यावर दुखतं का. आधी ‘पोट दुखतंय’ एवढ्यावर कामाला लागणारा कनिष्ठ डॉक्टर आता प्रत्येक रोग्याला सगळे प्रश्न विचारू लागला. आणि महिन्याच्या शेवटी त्याला कळू लागलं की आपली किती निदानं चुकली. नीट विचारणं आणि चूक कळणं, या दोन गोष्टींनी माणूस सुधारला. यंत्राचं उत्तर हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग असावा, असं मला हे निबंध पुन्हा वाचताना दर वेळी वाटतं.

दुसरा प्रयोग स्टॅनफर्डचा. १९७० च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ रचलं. रक्तातल्या किंवा मेंदूच्या आवरणातल्या जंतुसंसर्गाला कोणतं अँटिबायोटिक द्यावं याचे काही शे नियम त्यात भरलेले होते. १९७९ साली त्याची परीक्षा झाली. मेनिन्जायटिसच्या दहा रोग्यांसाठी मायसिनने आणि डॉक्टरांनी सुचवलेले उपचार, कोणते कुणाचे हे न सांगता, बाहेरच्या तज्ज्ञांपुढे ठेवले. मायसिनचे ६५ टक्के सल्ले पसंत पडले. स्टॅनफर्डच्याच तज्ज्ञ प्राध्यापकांपैकी एकालाही त्याच्या पुढे जाता आलं नाही. तरी मायसिन रोजच्या वापरात कधीच आलं नाही. माहिती टाइप करायला लागणारा वेळ, जबाबदारी कुणाची हा प्रश्न, आणि वॉर्डात संगणकच नसणं, एवढी कारणं पुरेशी होती.

मग विल्यम क्लॅन्सी यांना सुचलं की इतकं हुशार यंत्र आहे तर त्याला मास्तर करू. मायसिनच्याच नियमांवर त्यांनी ‘गायडन’ हा शिकवणारा प्रोग्रॅम उभा केला आणि तो अडखळला. मायसिनमध्ये एक नियम असा होता की रोगी आठ वर्षांपेक्षा लहान असेल तर टेट्रासायक्लीन देऊ नये. नियम बिनचूक. पण विद्यार्थ्याने ‘का?’ विचारलं तर यंत्राकडे पुढे काही नव्हतं. हे औषध वाढत्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतं, दात कायमचे पिवळट होतात, म्हणून आठ वर्षांची मर्यादा. एखाद्या जीवघेण्या आजारात दुसरं औषधच नसेल तर पिवळे दात पत्करून ते द्यावंही लागतं. हे सगळं नियम लिहिणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात होतं, नियमात उतरलं नव्हतं. क्लॅन्सींना अखेर यंत्राची रचनाच नव्याने करावी लागली. बरोबर उत्तर देणारा आणि शिकवणारा एकच असतो हा भ्रम तिथे फुटला. आजच्या यंत्रांना ‘का’ विचारलं तर ती अस्खलित उत्तर देतात, हा मोठा फरक आहे. मात्र ते कारण देताना त्यांनी विचार केला की कारणासारखं दिसणारं वाक्य रचलं, हे विद्यार्थ्याला बाहेरून ओळखता येत नाही.

त्यानंतरचा इतिहास पटकन सांगता येतो. नियमांवर चालणारी यंत्रं मागे पडली. त्यातलं बोस्टनचं ‘डीएक्सप्लेन’ शिकवण्याच्या कामासाठी बराच काळ टिकलं. मग चित्रं वाचणारी यंत्रं आली. २०१६ साली मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल ओळखणारी गूगलची प्रणाली गाजली. तिच्या कामात मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय सामील होतं. छातीच्या एक्स-रेतला क्षयरोग हुडकणारी मुंबईच्या क्युअर डॉट एआयची प्रणाली आज कितीतरी देशांत वापरात आहे आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेच क्षयाच्या तपासणीत अशा यंत्रवाचनाला मान्यता दिली आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात असताना आपल्या विद्यार्थ्याला हे यंत्र कधीतरी भेटणार, यात शंका नाही.

आणि मग चॅटजीपीटी. २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेतल्या प्रश्नांवर उत्तीर्णतेच्या रेषेच्या आसपास गुण मिळवले, तेही वैद्यकाचं वेगळं शिक्षण न घेता. त्याच वर्षी गूगलच्या ‘मेड-पाम २’ने तशाच प्रश्नसंचावर ८६.५ टक्क्यांची मजल मारली. ‘यंत्र डॉक्टर झालं’ असे मथळे आले. मला त्यातून कळली ती परीक्षेची लायकी. जॉर्ज मिलर यांनी १९९० सालीच वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्या होत्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. चार पर्यायांतून एक निवडायची परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच घुटमळते. यंत्र नेमकं तिथेच चढलं आहे.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त बोचते. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतेवर आधारलेला झाला. विद्यार्थ्याने काय करून दाखवायचं याच्या याद्या आल्या, रोग्याशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी याचे तास आले, लॉगबुकं आली. लॉगबुकं भरतात कशी, ते विद्यार्थ्यांना विचारू नये. कारण सगळ्यांचं लक्ष नीट-पीजीच्या दोनशे प्रश्नांवर असतं. इंटर्नशिपचं वर्ष, म्हणजे ज्या वर्षात हात चालायला हवेत तेच वर्ष, वॉर्डाऐवजी लायब्ररीत आणि कोचिंगच्या ॲपवर जातं. यंत्र ज्यात सहज पास होतं, त्याचसाठी आपण माणसांना वर्षानुवर्षं घासतो आहोत. एआयने वैद्यकीय शिक्षणावर काही उपकार केले असतील तर हा विसंवाद उघड्यावर आणला, हा पहिला.

दुसरीकडे संख्या वाढते आहे. २०१४ च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या साधारण एक्कावन्न हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या एक लाख दहा हजारांच्या पुढे गेल्या. जागा कागदावर वाढवता येतात, शिकवणारे तसे वाढत नाहीत. (आपल्या मेडिकल कॉलेजांत एआय अधिकृतपणे पोचलं ते कुठल्या मार्गाने, हे सांगायला हवं. २०२५ पासून प्राध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेल्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर लागते. विद्यार्थ्याला शिकवण्याआधी यंत्राने मास्तर हजर आहे का ते बघितलं. क्रम अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.) दोनशे-अडीचशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर मराठी माध्यमातून आलेली एखादी मुलगी बसलेली असते. नेफ्रॉनचं लेक्चर इंग्रजीतून तिच्या डोक्यावरून जातं आणि शंका विचारायला तोंड उघडत नाही. तीच मुलगी रात्री एक वाजता मोबाइलवर तोच प्रश्न मराठीत, पाच वेळा, न लाजता विचारते आणि तिला पाचही वेळा न चिडता उत्तर मिळतं. यंत्राला विरोध करणाऱ्या माझ्या वयाच्या प्राध्यापकांनी या मुलीला काय सांगायचं ते आधी ठरवावं. तिला आपण जे दिलं नाही, ते तिला मिळालं आहे.

मात्र याच मुलीला वॉर्डात उभं केलं की चित्र बदलतं. संगणकातला खोटा रोगी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. छातीत दुखतं का? हो. डाव्या हातात जातं का? हो. वॉर्डातल्या बाईला प्रश्न विचारला की आधी सासू बोलते. तंबाखू खाता का म्हटलं की बाई मान हलवते आणि मिश्री लावते हे तिसऱ्या दिवशी दात बघताना कळतं. गावातल्या भोंदू डॉक्टरकडून घेतलेली इंजेक्शनं ती लपवते, कारण ‘तुम्ही रागावता’. दुखतं कुठे याला उत्तर म्हणून ती सगळ्या छातीवरून तळवा फिरवते आणि वर ‘जीव घाबरा होतो’ म्हणते. या गढूळ माहितीतून कामाचं काय ते वेचणं, हेच तर क्लिनिकल शिक्षण. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं ते जे. जे. हॉस्पिटलला जोडूनच, त्यामागचा विचार हाच होता. लँग्वेज मॉडेलला आपण जी केस टाइप करून देतो, ती आधीच कुणीतरी निवडून, पाखडून, नीट मांडलेली असते. मॉडेलचं निदान अचूक येतं तेव्हा निम्मं काम विचारणाऱ्याने केलेलं असतं, हे विसरलं जातं.

या मुद्द्यावरून सध्या जगभर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, यंत्र पहिल्या दिवसापासून द्या. हे विद्यार्थी आयुष्यभर त्याच्याबरोबर काम करणार आहेत, मग लपवाछपवी कशाला. दुसरा तट म्हणतो, आधी पाया घडू द्या. स्वतःचं निदान करता येऊ लागल्याशिवाय यंत्र हातात नको. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत आणि दोन्ही बाजू आपल्या सोयीचे वाचतात. २०२४ साली अमेरिकेत पन्नास डॉक्टरांवर झालेला प्रयोग बघा. अवघड केसेस सोडवताना अर्ध्यांना नेहमीच्या साधनांबरोबर जीपीटी-४ दिलं, अर्ध्यांना नुसती नेहमीची साधनं. गुण जवळजवळ सारखे आले, ७६ आणि ७४ टक्के. पण एकट्या जीपीटी-४ ला त्याच केसेसवर दोघांपेक्षा बरेच जास्त गुण पडले. म्हणजे चांगला सल्लागार शेजारी बसलेला असूनही डॉक्टरांना त्याचा उपयोग करून घेता आला नाही. पहिला तट म्हणतो, बघा, वापरायला शिकवलंच पाहिजे. मलाही ते पटतं.

पण २०२५ साली पोलंडमधून आलेला अभ्यास दुसऱ्या तटाच्या बाजूने तितकाच बोलका आहे. आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणी करताना गाठी दाखवून देणारं यंत्र तिथे काही केंद्रांत बसवलं होतं. ते वापरायची सवय झाल्यावर त्याच डॉक्टरांनी यंत्राशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर घसरलं. हे नवशिके नव्हते, हजारो तपासण्या केलेले हात होते. कमावलेलं कौशल्य काही महिन्यांत असं बोथट होत असेल, तर ज्याने ते कमावलंच नाही त्याचं काय? त्याला आपलं काही हरवल्याचं जाणवणारही नाही.

एक्स-रेच्या खोलीत हे रोज घडू शकतं. पडद्यावर छातीचा एक्स-रे, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाभोवती यंत्राने काढलेली लाल चौकट. विद्यार्थी चौकटीकडे बघतो, ‘टीबी’ म्हणतो आणि पुढच्या फिल्मकडे वळतो. खाली, श्वासपटलाच्या उजव्या कमानीखाली, हवेची काळी चंद्रकोर असते: आतडं किंवा जठर फुटल्याची खूण, लगेच ऑपरेशन लागणारा रोगी. फुप्फुसं वाचायला शिकवलेल्या यंत्राला ती चंद्रकोर दाखवायचं कामच दिलेलं नव्हतं. एक दोष सापडला की डोळा शोध थांबवतो, हे रेडिऑलॉजीत यंत्राच्या फार आधीपासून माहीत आहे. लाल चौकट ही खोड वाढवते. म्हणून मी स्वतः क्रमाच्या बाजूचा आहे: आधी विद्यार्थ्याने फिल्म पूर्ण वाचून आपलं मत कागदावर लिहावं, मग चौकट उघडावी, आणि दोघांत फरक पडला तर कोण का चुकलं याची चर्चा व्हावी. लीड्सच्या फॉर्मने आणि महिन्याच्या हिशेबाने जे केलं तेच. यात यंत्र काढून घेतलेलं नाही, फक्त त्याची जागा उत्तराच्या नंतर ठेवली आहे.

यंत्राविषयी शिकवायचं म्हणजे विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. त्यांना रिच कारुआना यांनी सांगितलेली न्यूमोनियाची गोष्ट माहीत असली तरी पुष्कळ झालं. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रोग्यांपैकी कुणाला धोका जास्त ते ओळखायला यंत्रं शिकवली, तेव्हा त्यांतल्या एकाने नियम काढला की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी. नोंदींनुसार ते खरंच होतं. दम्याच्या रोग्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत नेत, उत्तम उपचार होत आणि तो वाचे. यंत्राला आयसीयू दिसलाच नव्हता. त्या नियमावर विसंबून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको. बायोस्टॅटिस्टिक्सचा कंटाळवाणा तास या एका उदाहरणाने जिवंत होतो. हेच त्वचेचं. चट्टे ओळखणारी बरीच यंत्रं गोऱ्या कातडीच्या चित्रांवर शिकली आहेत. जगातल्या कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात असताना, सावळ्या पाठीवरचा बधिर फिकट चट्टा कापसाच्या बोळ्याने तपासायला आपल्या विद्यार्थ्याला आलंच पाहिजे. बधिरपणा फोटोत दिसत नाही.

आपल्याकडे यंत्राला शिकवायला नोंदीही धड नाहीत, हा वेगळाच घोर. कितीतरी सरकारी रुग्णालयांत केसपेपर अजून हाताने लिहिला जातो, अक्षर लिहिणाऱ्यालाच कळतं आणि रोगी घरी गेल्यावर तो कागद कुठे जातो ते रेकॉर्ड रूमलाच ठाऊक. आणि जो कागद आहे त्याचा फोटो काढून, नाव-गाव-नोंदणी क्रमांकासकट, मुलं सर्रास चॅटबॉटमध्ये टाकतात. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच वर्षी आयसीएमआरने आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. किती वॉर्डांत ती कुणी वाचली असतील? रोग्याची परवानगी हा विषय व्हायव्हात विचारला जातो, ओपीडीत विसरला जातो.

हे पुस्तक या सगळ्या पसाऱ्यात एक मर्यादित काम करू पाहतं. लिहिणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, निवासी डॉक्टर आहेत, तिसऱ्या वर्षाची मुलं आहेत, एक-दोन अभियंतेही आहेत. त्यांचं एकमेकांशी पटत नाही आणि संपादकांनी ते पटवून घेण्याचा आग्रह धरलेला नाही. परीक्षकाची भूमिका यंत्राला देण्यावरचा वाद तर अगदी उघड आहे; एका लेखकाला त्यात पक्षपात संपण्याची आशा दिसते, दुसऱ्याला तोच पक्षपात आकड्यांचा सदरा घालून येताना दिसतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिल्याने व्हायव्हातल्या ‘कुठल्या कॉलेजचा?’ या प्रश्नाबद्दल जे लिहिलं आहे ते वाचून मी जरा वरमलो. कोणतं ॲप चांगलं, कोणतं घ्यावं, हे इथे सापडणार नाही. तसली माहिती छापून होईपर्यंत शिळी होते. एआयचं गणित लागेल तेवढंच आहे. शस्त्रक्रियेतल्या रोबोंना जागा कमी मिळाली ही मला उणीव वाटते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा विचारच नाही, ही त्याहून मोठी; रोग्याशेजारी सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात. दुसऱ्या आवृत्तीत संपादकांनी ती भरून काढावी.

मराठीत हे लिहिलं गेलं याचं मोल मला वेगळं सांगावंसं वाटतं. मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तकं आली त्यावर आपल्याकडे बरीच थट्टा झाली. ती पुस्तकं कशी आहेत हा मुद्दा बाजूला ठेवू. पण डॉक्टर कसा घडावा याची चर्चा रोग्याच्या भाषेत व्हावी, तिच्यात पालकाला, पत्रकाराला, जिल्हा परिषदेच्या सदस्यालाही भाग घेता यावा, यात थट्टेसारखं काही नाही. त्यासाठी लेखकांनी वॉर्डात बोलली जाते तीच मराठी वापरली आहे. ओपीडीला बाह्यरुग्ण विभाग केलेलं नाही.

शेवटी वाचण्याच्या पद्धतीबद्दल. पुस्तकाच्या मधल्या भागात काही केसेस आहेत, रुग्णांची ओळख पुसून दिलेल्या. प्रत्येक केस तीन यंत्रांना विचारली होती. त्यांची उत्तरं, विचारल्याच्या तारखेसह, पुस्तकाच्या शेवटी एकत्र छापली आहेत. तारीख अशासाठी की तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आज वेगळं उत्तर येऊ शकतं. खऱ्या रोग्याचं पुढे काय झालं तेही तिथेच आहे आणि दोन ठिकाणी तिन्ही यंत्रं सपशेल चुकली आहेत. कोणत्या, ते इथे सांगत नाही. मागची पानं उलटण्याआधी पेन्सिल घ्या, आपलं निदान, दुसऱ्या नंबरचं निदान आणि रोग्याला आणखी काय विचारलं असतं, एवढं केसच्या शेजारी लिहा. त्यासाठी त्या भागातले समास मुद्दाम रुंद ठेवले आहेत.